सणाचा पुदिना मिल्कशेक दरवेळी का बिघडतो? काळपट रंग, फाटलेलं दूध, लोण्याचे कण आणि कडवटपणा

एका ग्लासापुरता पुदिन्याचा मिल्कशेक कोणालाही जमतो. थंड दूध, साखर, मूठभर पानं, मिक्सरचा एक फेरा, झालं. बिघडतो तो वीस-पंचवीस ग्लासांचा. धुळवडीला रंगून आलेली पोरं असोत की तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागत फिरणारी लेकरं, त्यांच्यासाठी सकाळीच गंजभर शेक करून ठेवला जातो. दुपारी झाकण काढावं तर आत शेवाळी रंगाचं काहीतरी असतं. वर चोथा, मधे बारीक गुठळ्या, तळाला पाणी. लेकरं एक घोट घेतात आणि ग्लास ओट्यावर ठेवून पसार होतात.

"काकू, पुदिना घरचा, दूध घरचं. मंग काहून असं होते?" हा प्रश्न दर सणाला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारी बाई साधारण धरून चालते की पुदिना आणि दूध यांचं जमतच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर ते आधीच पटलेलं असतं, त्यामुळे शेक बिघडला की "म्या सांगतलं होतं" हेही ऐकावं लागतं.

पुदिना आणि दुधाचं वैर नाही. पुदिना म्हणावा तसा आंबट नसतो, ताजं थंड दूध त्याने फाटत नाही. खरी गोम आहे ती थांबण्यात. एक ग्लास आपण करतो आणि लगेच पितो. सणाचा शेक सकाळी होतो आणि दुपारपर्यंत थांबतो, कारण पाहुणे एकदम येत नाहीत, लाईटचा भरवसा नाही आणि बाकीचा स्वयंपाक डोक्यावर असतो. त्या चार-पाच तासांत पानं काळवंडतात, दूध तापतं, बर्फ वितळतो. म्हणून माझं एकच सांगणं असतं: शेक आधी करायचा नाही. पुदिन्याचा पाक आधी करायचा, दूध आधी गार करायचं, आणि दोघांची गाठ ग्लासातच घालायची. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे. तरी कुठला बिघाड कशाने होतो ते कळलं नाही तर इलाज चुकतो, म्हणून एकेक पाहू.

आधी एक गैरसमज

मोबाईलवर दिसणारे हिरवेगार मिंट शेक पाहून पुष्कळ जणी कामाला लागतात. तो प्रकार मूळचा अमेरिकेतला. 17 मार्चला तिकडे सेंट पॅट्रिक डे असतो, आयर्लंडचा सण, सगळं हिरवं करायचा दिवस. मॅकडोनाल्ड्सने 1970 मध्ये या सणासाठी शॅमरॉक शेक बाजारात आणला आणि हिरवा मिंट शेक म्हणजे सणाचं पेय हे समीकरण तिथून पसरलं. पण त्यात व्हॅनिलाचं मऊ आइस्क्रीम आणि मिंटचं तयार हिरवं सिरप असतं. पानं वाटायची भानगडच नाही. मग रंग कशाला बदलेल, चोथा कुठून येईल? आपण ताजी पानं वाटतो आणि अपेक्षा मात्र सिरपची ठेवतो. 17 मार्चच्या आगेमागेच बहुतेक वर्षी आपली होळी येते, त्यामुळे ते फोटो नेमके त्याच दिवसांत डोळ्यांपुढे नाचतात.

ताज्या पानाचा शेक फिकट हिरवाच होणार, कोवळ्या हरभऱ्याच्या दाण्याचा असतो तसा. तो रंग आला की थांबावं. त्याहून गडद हवा असेल तर लिटरभर दुधामागे पालकाची चार-पाच पानं पुदिन्यासोबत उकळत्या पाण्यातून काढून वाटा. इतक्याने पालकाची चव लागत नाही. किराण्यातला सुटा, पुडीतला हिरवा रंग घालू नका. घालायचाच असेल तर खाण्याचा, सीलबंद, परवाना क्रमांक छापलेला. आणि हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते: बैलाच्या शिंगांचा आणि धुळवडीचा रंग ज्या ओट्यावर कालवला, त्याच ओट्यावर त्याच चमच्याने शेक करू नये.

रंग काळपट, शेवाळी पडतो

पान चिरलं किंवा वाटलं की त्यातले पेशीरस हवेला लागतात. पानात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने पानाला तपकिरी करतं. कापलेलं वांगं काळं पडतं ते याच कारणाने. दुसरीकडे हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आंबटपणा किंवा लांबलेली उष्णता मिळाली की ते मॅग्नेशियम निघून जातं आणि उरतं ते शेवाळी रंगाचं फिओफायटिन. मिक्सर सलग तीन-चार मिनिटं फिरवला की भांडं हाताला गरम लागतं ना, तेवढ्यातही हे सुरू होतं.

दोन्हींवर इलाज एकच, आणि तो दोन मिनिटांचा आहे. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, त्यात अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पानं एकदम टाका, पंधरा-वीस सेकंद ठेवा, झाऱ्याने काढून थेट बर्फाच्या पाण्यात. बस्स. उकळत्या पाण्याने विकर निकामी होतं, बर्फाच्या पाण्याने शिजणं थांबतं. पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही. पानांतली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून गेली पाहिजेत. झाकण ठेवलं की ती परत पाण्यात पडतात आणि पानं काळवंडतात. सोडा चिमटीपेक्षा जास्त झाला तर पानं गिळगिळीत होतात आणि साबणासारखी चव येते, तेव्हा हात आखडता. तांब्याच्या भांड्यात उकळलेली पानं जास्त हिरवी राहतात असं कुणी सांगेल. राहतात खरी, पण तांबं पानात उतरतं म्हणून. ते नको.

लोखंडी खलबत्ताही नको. पानातल्या तुरट घटकांचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग धरतो. दगडी पाटा-वरवंटा मात्र उत्तम. दगड तापत नाही, साखरेच्या दाण्यांसोबत पानं छान बारीक होतात, आणि लाईटची वाट पाहावी लागत नाही. सणाच्या दिवशी पाट्यावर बसायला वेळ कोणाला आहे हा प्रश्न वेगळा.

मिक्सरवरच करायचं तर व्होल्टेज पाहा. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे-पंखे लागले, तिकडे मोटारी सुरू झाल्या की मिक्सर नुसता घरघरतो, पातं फिरतं पण पान कापत नाही, चिरडतं. आपण "बारीक होत नाही" म्हणून फिरवतच राहतो आणि भांडं तापवून बसतो. पहाटे किंवा सकाळी लवकर, मिक्सरचा आवाज खणखणीत येत असतो तेव्हा, हे काम उरकून घ्या. वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, परत फिरवा. पानांसोबत बर्फाचे दोन-चार खडे टाकले तर आणखी बरं.

गुठळ्या: फाटलंय की लोणी निघालंय?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. दिसायला दोन्ही सारखंच, पण कारणं उलटी आणि इलाजही उलटे. "दूध नासलं" म्हणून चांगलं तीन लिटर म्हशीचं दूध गोठ्याकडे नेऊन ओतलेलं पाहिलंय मी, आणि त्यात नासलेलं काहीही नव्हतं.

ओळखायचं असं: गुठळी चमच्याने काढून अंगठा आणि बोटाच्या मधे घ्या आणि चोळा. ती विरघळून बोटं तुपकट झाली, चकाकली, तर ते लोणी. गुठळी रव्यासारखी चुरली, बोटाला चिकटपणा नाही आणि ग्लासात हिरवट पाणी वेगळं दिसतंय, तर दूध फाटलंय. वासानेही कळतं, पण पुदिन्याच्या वासात आंबूस वास लपतो, म्हणून बोटांवर विश्वास ठेवा.

लोणी निघतं ते घरच्या म्हशीच्या दुधात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6 ते 7 टक्के, कधी त्याहूनही जास्त. नागपुरी म्हैस म्हणा, अचलपूरकडची एलिचपुरी म्हणा, दूध बेताचं देतात पण घट्ट देतात. या दुधाला जाड साय येते. सायीसकट दूध मिक्सरात टाकलं आणि ते साधारण 10 ते 15 अंशांच्या मधे असलं, तर मिक्सर रवीचंच काम करतो. ताक करताना आपण गार पाणी घालून नेमकं हेच तापमान साधत असतो! दूध फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर राहिलं, वर बर्फाचे खडे पडले, मिक्सर दोन मिनिटं फिरला, की लोण्याचे कण तरंगलेच. विकतच्या होमोजिनाइज्ड दुधात हा त्रास सहसा नसतो, कारण त्यातले स्निग्धांशाचे थेंब आधीच दाब देऊन बारीक फोडलेले असतात. म्हणून शहरातल्या बहिणीची रीत तिच्या घरी चालते आणि आपल्या घरी चालत नाही.

इलाज सोपा. दूध तापवून पूर्ण गार झालं की साय काढून घ्या आणि दूध गाळा. मग फ्रिजमध्ये अगदी बर्फगार करा, अर्धवट थंड नको. मिक्सरात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. पाक आधीच वाटलेला असला की तेवढं पुरतं. लाईट गेली म्हणून रवीने घुसळायला बसू नका, ते तर लोण्याला आमंत्रणच. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दूध, पाक आणि बर्फ घालून वीस-पंचवीस वेळा हलवा. आणि लोणी निघालंच असेल तर गाळून घ्या. शेक तसा चांगला असतो, फक्त थोडा हलका होतो. ते पुदिन्याच्या वासाचं गोड लोणी पोळीवर लावून खायला वाईट नाही.

आता खरोखर फाटणं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. ताज्या दुधाचा पीएच 6.6 ते 6.8 असतो. तो 4.6 च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं, पण दूध आधीच थोडं आंबलेलं असेल किंवा गरम असेल तर त्याच्या कितीतरी आधी फाटतं. आपल्याकडे चार गोष्टींनी ही वेळ येते.

पहिली म्हणजे संत्रं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. वरूड-मोर्शीकडे तर धुळवडीला घरात टोपलीभर असतातच. कुणाच्या तरी मनात येतं की पुदिना आणि संत्रा मस्त लागेल, आणि रस दुधात पडतो. संत्र्याच्या रसाचा पीएच 3.5 ते 4. दूध तिथल्या तिथे फाटतं. वास हवा असेल तर धुतलेल्या संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी थर हलकेच किसून पाकात घाला. सालीतलं तेल आंबट नसतं, वास पूर्ण येतो. पांढरा भाग मात्र किसायचा नाही, तो कडू.

दुसरी, बाटलीतलं हिरवं सरबत. पाणी घालून प्यायच्या पुदिन्याच्या सरबतात बहुधा सायट्रिक ॲसिड असतं. बाटलीवर बारीक अक्षरात ते नाव किंवा आयएनएस 330 असा आकडा दिसला तर ती बाटली दुधाकडे न्यायची नाही. घरच्या सरबताच्या पाकातही आपण सवयीने लिंबू पिळतो. दुधासाठीचा पाक वेगळा, बिनलिंबाचा ठेवा आणि बरणीवर तसं लिहूनच ठेवा. सणाच्या गडबडीत नणंद कुठली बरणी उचलेल सांगता येत नाही.

तिसरी, गूळ. गरम दुधात गूळ टाकला की फाटायची भीती असतेच. शेकला साखर किंवा खडीसाखरच बरी. गुळाचा रंगही पुदिन्याच्या हिरव्याला मातकट करतो.

चौथी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी: दूध आधीच उतरणीला लागलेलं असणं. रात्री दोन तास लाईट नव्हती, फ्रिज बंद होता, सकाळी दुधाला वास नव्हता म्हणून घेतलं. शंका असेल तर पळीत थोडं दूध घेऊन विस्तवावर उकळा. पळीतलं फाटलं तर बाकीचंही भरवशाचं नाही, त्याचं पनीर करा आणि शेकला दुसरं दूध पाहा. तेवढ्या एका पळीसाठी वेळ नाही असं म्हणू नका. आणि तयार शेक बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. मार्चअखेरीस पारा 38-40 अंशांवर जातो तेव्हा तासभरच.

कडू, तुरट, गवतासारखा

देठं वाटली की कडवटपणा येतो. जुडी हातात घेऊन पाणी मारून तशीच मिक्सरात कोंबणं हे चटणीला चालतं, कारण तिथे मिरची आणि लिंबू सगळं झाकतं. दूध काही झाकत नाही. पानं खुडून घ्या, फक्त वरचा कोवळा शेंडा देठासकट चालेल. तुरे आलेला पुदिना नको. फुलावर आला की पान लहान आणि कडसर होतं. आपल्याकडे पुदिना बहुधा न्हाणीच्या पाण्यावर लावलेला असतो. त्यामुळे पानं दोन-तीन पाण्यांतून धुवा, पहिल्या पाण्यात थोडं मीठ टाकून. साबणाचा आणि मातीचा वास पानाच्या खालच्या बाजूला बसलेला असतो.

ऋतूप्रमाणे माप बदलतं. उन्हाळ्यातलं पान लहान, जाडसर आणि वासाला तिखट. लिटरभर दुधाला मूठभर पुरे. पोळ्याच्या सुमाराला पावसाने पान मोठं, लुसलुशीत आणि पाणचट होतं, तिथे दीड मूठ लागते. धुळवडीचं माप पोळ्याला वापरलं की "यंदा वासच नाही" आणि पोळ्याचं धुळवडीला वापरलं की कडू. माप वजनावर धरू नका, पाक चाखून धरा.

टूथपेस्टसारखा लागतो ही तक्रार वेगळी. घराच्या परसातल्या पुदिन्याचा मुख्य वास कार्व्होन या द्रव्याचा, तो गोडसर असतो. जिभेला गार करणारं मेंथॉल त्यात नगण्य. टूथपेस्टची आठवण आली म्हणजे बाहेरून काहीतरी पडलंय: पेपरमिंट इसेन्सचे थेंब, किंवा पानठेल्यावरून आणलेलं पिपरमेंट. ते खडे म्हणजे जवळजवळ शुद्ध मेंथॉल. सुईच्या टोकाएवढं जास्त झालं तरी घसा गार पडून दूध जाणवतच नाही. अगदी तान्ह्या बाळांना तर मेंथॉलचा उग्र वास श्वासाला त्रास देऊ शकतो. सणाच्या शेकला ते आणूच नका. पोटदुखीवरच्या पुदिन्याच्या हिरव्या गोळ्या फोडून घालणारे महाभागही आहेत. औषध ते औषध, त्याला फडताळातच राहू द्या.

वास कमी पडत असेल तर वेलचीचे चार दाणे किंवा अर्धं विड्याचं पान पुदिन्यासोबत वाटा. रामटेकचं कपुरी मिळालं तर फारच छान, नाहीतर आपल्या पानठेल्यावरचं कुठलंही, चुना न लावलेलं.

पातळ पाणी

ग्लासात बर्फाचे दोन-तीन खडे टाकले की वितळल्यावर ग्लासाचा पाचवा हिस्सा पाणीच होतं. उन्हात उभं राहून पिणाऱ्यांच्या हातात तर पाच मिनिटांत. म्हणून आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्याऐवजी दूध भरा. गोडवा कमी लागू नये म्हणून त्यात थोडी साखर घाला, कारण थंड पदार्थात गोड कमीच जाणवतं. लाईट जाणार हे धरून चालायचं: दुधाचे खडे डब्यात भरून फ्रीझरच्या तळाशी ठेवा आणि फ्रिजचं दार सारखं उघडू देऊ नका. मुलांना त्याच दिवशी त्याच फ्रिजमधलं पाणी हवं असतं, त्यांच्यासाठी माठ भरून ठेवा.

माठाचा मुद्दा निघालाच तर: धुळवडीच्या कोरड्या हवेत माठाचं पाणी चांगलं गार होतं, दुधाचं भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या परातीत ठेवलं तरी काही अंश उतरतात. पोळ्याच्या दमट हवेत हा उपाय चालत नाही, कारण पाण्याची वाफच नीट होत नाही. तेव्हा तालुक्याहून बर्फाची लादी आणावी लागते. ती लादी भांड्याच्या बाहेर लावायची, ग्लासात फोडून टाकायची नाही. निळसर रंगाची असेल तर ती खाण्यासाठी नाहीच. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा राज्यात नियम आहे.

घट्टपणासाठी आइस्क्रीम हवंच असं नाही. गावात मिळणाऱ्या कपांवर बऱ्याचदा 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असतं, त्यात वनस्पती तेल असतं आणि पुदिन्याबरोबर ते तोंडात मेणासारखं राहतं. त्यापेक्षा लिटरभर दुधाला दोन मोठे चमचे दूध पावडर, किंवा दूध आटवून पाऊण करणं, दोन्ही बरं. कस्टर्ड पावडर लावायची तर सपाट चमचाभर, गार दुधात कालवून आणि नीट शिजवून. कच्ची राहिली की पिठूळ लागते.

वीस ग्लासांचं माझं माप

आदल्या दिवशी दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी, साखर विरघळून एक उकळी येईपर्यंत. तार काढायची नाही. हा पाक पूर्ण गार होऊ द्यायचा, इथे घाई केली की वरचं सगळं वाया. तोवर दोन जुड्यांची पानं खुडून, धुऊन, उकळत्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात. मुठीत दाबून पाणी काढायचं. ती गार पाकासोबत वाटायची आणि स्वच्छ धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायची. चाळणीने गाळलं तर बारीक चोथा राहतो आणि तोच लेकरांच्या घशाला लागतो. हा पाक काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. दोन दिवस रंग टिकतो. ट्रेमध्ये गोठवला तर आणखी बरेच दिवस.

सणाच्या दिवशी तीन लिटर साय काढलेलं, बर्फगार दूध. पाहुणे दारात आले की ग्लासामागे दीड मोठा चमचा पाक, दुधाचे दोन-तीन खडे, वरून दूध, डब्यात हलवायचं किंवा मिक्सरला दहा सेकंद. चार-चार ग्लास मिळून करा, एकदम वीस नाही. घरात एक हुशार पोरगी असली की हे काम तिच्याकडे द्या, ती तुमच्यापेक्षा जास्त मापात करेल.

बाकी बारीकसारीक. फेस लगेच बसतो अशी तक्रार असते. बसू द्या, फेस म्हणजे हवा. पितळी पेले दिसायला छान, पण कल्हई उडालेली असेल तर दुधासाठी काढू नका. ज्यांना दूध पचत नाही त्यांना हाच पाक ताकात चालत नाही, गोड होतो. त्यांच्यासाठी पाण्यात घालून लिंबू पिळा, तिथे लिंबाची मनाई नाही. उपवासाला चालतो का, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारावं. आमच्या आत्याबाईंच्या लेखी पुदिना चालतो आणि कस्टर्ड पावडर चालत नाही.

उरलेला तयार शेक दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. त्यात थोडी दूध पावडर मिसळून त्याच दिवशी कुल्फीच्या साच्यांत ओता आणि फ्रीझरमध्ये टाका. साचे नसतील तर स्टीलच्या छोट्या वाट्या चालतात. फडक्यात उरलेला चोथा गोड असतो, चटणीत घालू नका, आणि न्हाणीपाशी टाकला तर मुंग्या येतात. परसात खड्डा करून पुरा. मिक्सरच्या भांड्याला वास राहिलाच तर मूठभर कोरडे तांदूळ फिरवून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या ठेच्याला पुदिना लागेल.